उताराच्या बागेत ओझं वाहायला काय घ्यावं: टिलर, मिनी ट्रॅक्टर, ग्रास कटर (वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

आधीच सांगतो, हे सगळं घाटावरच्या सपाट शेतासाठी नाहीये. आमची जागा राजापूर तालुक्यात, सहा एकर, निम्म्यात हापूस आणि काजू, निम्मं नुसतं रान, म्हणजे ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या आणि रानमोडीचं तण. वरच्या अंगाला कातळ, खालच्या अंगाला वहाळ (ओढा), मध्ये गडगे (दगडी बांध). नांगरायचं काही नाही. काम म्हणजे शेणखत वर न्या, आंब्याचे क्रेट खाली आणा, फवारणीचं पाणी कलमापर्यंत (आंब्याच्या झाडापर्यंत) पोचवा, वाळलेली लाकडं ओढा, कधी चिरे, कधी वाळू. आणि पाऊस संपला की कमरेएवढं गवत.

मशीन कुठलं घेऊ विचारलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, किती एचपी पाहिजे. अहो, एचपी सगळ्यांकडे पुरेशी आहे. चढ सगळीच मशीनं चढतात. भरलेली ट्रॉली घेऊन ओल्या लाल मातीवरून उतरताना काय होतं ते बघा, तिथे टिलर आणि ट्रॅक्टरचा फरक कळतो, आणि माझा सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर झाला.

पहिला पर्याय पॉवर टिलर, म्हणजे दोन चाकांचं, हँडल धरून चालवायचं नांगरणीचं मशीन. आमच्याकडे वाडीत भाताच्या खाचरांसाठी बहुतेक हाच, व्हीएसटी शक्तीचा १३० डीआय (१३ एचपी) किंवा केरळच्या कामकोचा १२ एचपीवाला, सिंगल सिलेंडर डिझेल, पाण्यावर थंड होणारं इंजिन. किंमत दोन-अडीच लाखांच्या घरात, स्पेअर मिळतात, गावातला कुणीही मेकॅनिक उघडून बसतो, डिझेल तर विचारूच नका इतकं कमी पितो. मागे ट्रेलर जोडला की ट्रेलरच्या पुढच्या सीटवर बसून लांब हँडल धरून चालवायचं. सपाटीला मस्त. खाचरात तर त्याला तोड नाही, हे मान्यच.

पण उतारावर ह्याचं एक गणित आहे जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. टिलरला स्टिअरिंग नसतं, दोन्ही हँडलखाली क्लच असतात, डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद सुटते आणि मशीन डावीकडे वळतं. आता भरलेला ट्रेलर घेऊन उतरताय, मागचं वजन पुढे ढकलतंय, इंजिन त्या चाकांना धरून ठेवतंय, अशा वेळी डावा क्लच दाबलात तर डावं चाक मोकळं होऊन जास्त जोरात पळतं आणि उजवं धरलेलं राहतं, म्हणजे मशीन उजवीकडे जातं. उलटं! आमच्याकडे टिलर चालवायला येणारे एक काका आहेत, आयुष्य गेलं त्यांचं त्यात, ते म्हणतात, "चढाला डावा म्हणजे डावीकडे, उताराला डावा म्हणजे उजवीकडे, डोक्यात ठेवशील तर वाचशील." काकांच्या हाताला ते बसलंय. पण एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल उतार, आणि हँडलवर मी किंवा मुंबईहून सुट्टीला आलेला भाचा, नको रे बाबा. शिवाय ट्रेलरसकट रिव्हर्स घेणं हा वेगळाच छळ. कलमांच्या मध्ये वळायला जागा नसते तेव्हा ट्रेलर सोडून हाताने फिरवायची वेळ येते.

छोटा हत्ती किंवा पिकअप घ्या असाही सल्ला मिळतो. रस्त्यापर्यंत उत्तम, मार्केटला माल न्यायला लागतोच. पण तो गेटवर थांबतो, आणि आमची अडचण गेटच्या आत सुरू होते.

राहिला मिनी ट्रॅक्टर, आणि तो फोर व्हील ड्राइव्हच, टू व्हीलचा विचारही करू नका. मी दोन बघितले, महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी२४४१. दोन्ही २४ एचपी, दोन्हींची लिफ्ट (मागे वजन उचलणारे हात) ७५० किलोची, दोन्हींना तेलात बुडालेले ब्रेक, जे आपल्या चिखलात फार महत्त्वाचं. जिवोला दोन सिलेंडर, कुबोटाला तीन. जिवोची जमेची बाजू म्हणजे महिंद्राचं नेटवर्क, तालुक्याला माणूस सापडतो. कुबोटा चालवताना हाताला थरथर कमी लागते, आवाज मऊ, आणि अगदी हळू गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने उतरतो, मला ते आवडलं म्हणून तो घेतला. पण ज्याच्या जवळ जिवोचं सर्व्हिस सेंटर आहे त्याने डोळे मिटून जिवो घ्यावा, एवढाही फरक नाहीये की त्यासाठी मेकॅनिकची वाट बघत बसावं. किंमत पाच-सहा लाखांच्या घरात धरा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय तो कोटेशनमध्ये नीट लागलाय का बघा.

एका शोरूममध्ये (नाव नको) मला चाळीस एचपीवाला गळ्यात मारायला बघत होते. म्हटलं कलमांच्या खालून जाईल का, तर म्हणे फांद्या छाटा. हापूसच्या फांद्या! ट्रॅक्टरसाठी! उठून आलो.

तर बागेत घालायच्या ट्रॅक्टरला काय बघायचं, तर रुंदी (मीटरभराच्या आसपास असेल तर गडग्याच्या बेड्यातून (आत-बाहेर करायच्या वाटेतून) आरामात निघतो), सायलेन्सर वर उभा आहे की खाली वळवलेला, कारण उभा असेल तर पहिल्याच मोहोराला फांद्यांत अडकणार, आणि बसल्यावर तुमचं डोकं कुठे येतं ते. मागे उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान मिळत असेल तर दुमडणारीच घ्या, फांदीखाली दुमडायची, उतारावर उभी करायची.

फोर व्हीलचा लिव्हर लोक चढाला टाकतात आणि वर पोचले की काढतात. उतरताना तर तो पाहिजेच पाहिजे, कारण काढला की इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर राहतो, आणि भरलेली ट्रॉली मागून ढकलायला लागली की हलका ट्रॅक्टर आडवा व्हायला वेळ लागत नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, मध्येच क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नावसुद्धा काढायचं नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग मी बघितलेत.

ट्रॉली मोठी करू नका. फॅब्रिकेशनवाला म्हणतो साहेब दोन टनाची करून टाकू, पैसे थोडेच जास्त. पण मग भरली जाते हो! जागा दिसली की गडी भरतोच. मी एक टनाची करून घेतली आणि उतरताना अर्ध्या टनाच्या वर माल नाही असा नियमच घातलाय. भरताना वजन चाकांच्या जरा पुढे यायला पाहिजे, मागे जास्त भरलं तर ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलतो आणि चाकांची पकडच जाते.

खरं सांगू का, ट्रॉलीपेक्षा जास्त वापर होतो तो मागच्या लिफ्टला लावलेल्या लोखंडी पेटीचा. साधी उघडी पेटी, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली, त्यात आंब्याचे दहा-बारा क्रेट बसतात (भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा), रिव्हर्स घ्यायला कटकट नाही, कलमाच्या बुडाशी जाऊन खाली टेकवायची, भरायची, उचलायची, निघायचं. लिफ्ट ७५० म्हणते म्हणून तेवढं टाकायला जाऊ नका, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हवेत फिरतं. अडीचशे-तीनशे किलो बास, आणि पुढे वजनं लावा. पूर्वी हाऱ्यातून (मोठ्या टोपलीतून) डोक्यावरून आंबा खाली यायचा, बायांची मान आणि आंबा दोन्ही दुखायचे, ते थांबलं. फवारणीला तुडतुड्याच्या (मोहोरावरच्या किडीच्या) दिवसांत ५०० लिटरची टाकी आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप ट्रॉलीत टाकून जातो, पण पाणी अर्धवट टाकीत हिंदकळतं ते वळणावर लक्षात ठेवा.

रोठा (खोड पोखरणारी कीड) लागून मेलेले काजू ओढायला साखळी लागते. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीला. वरच्या टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली आणि लाकूड खडकात अडकलं, तर ट्रॅक्टर पुढून उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर मागे पडतो. ह्यात गंमत नाही.

रोटाव्हेटर सोबत स्वस्तात देतो म्हणाले तरी बागेसाठी घेऊ नका. कातळावर वीतभर माती, आंब्याची खाणारी मुळं वरच्याच थरात, ती तोडायची आणि भुसभुशीत केलेली माती जून-जुलैत वहाळात सोडून द्यायची, कशाला? गवत कापून आळ्यातच पसरायचं.

त्यासाठी ग्रास कटर वेगळा लागतोच, ट्रॅक्टर गडग्याच्या कडेला आणि कलमांच्या बुडाशी जात नाही. होंडाचा यूएमके ४३५ घेतलाय, ३५ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही. गड्यांच्या हातात मशीन देणार असाल तर हे फार मोठं सुख आहे, टू स्ट्रोकला कुणीतरी एकदा नुसतं पेट्रोल भरतोच आणि इंजिन जाम. पाठीवरचा घेऊ की खांद्यावरचा, तर उताराला खांद्यावरचा, तोल नीट राहतो. गवताला नायलॉन दोरी, रानमोडीला तीन पात्यांचं ब्लेड. दगड उडतात, त्यामुळे चष्मा आणि बूट नसतील तर स्टार्टरला हात लावू द्यायचा नाही. लहान कलमाजवळ दोरी नकोच, साल गोल सोलून निघते आणि कलम वाळतं, तिथे कोयताच बरा.

सबसिडीचं थोडक्यात. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करायचा, शेतकरी कुठल्या गटात बसतो त्यानुसार ४० ते ५० टक्के आणि वर कमाल मर्यादा, फार्मर आयडी लागतो, आणि पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय बिल करायचं नाही, आधी घेतलंत तर अनुदान विसरा. विक्रेता म्हणतो घेऊन जा, कागद मागून बघू. नाही न्यायचं.

आणि डेमो तुमच्याच बागेत मागा, भरलेल्या ट्रॉलीसकट, तुमच्या सगळ्यात वाईट उतारावर. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. ज्यांची जागा सपाट आहे, भातशेती आहे आणि बाग पाच-पन्नास कलमांची, त्यांनी ट्रॅक्टरचे पैसे घालूच नयेत, टिलर घ्या आणि उरलेल्या पैशात ग्रास कटर आणि कुंपण करा. पावसात मशीन उभं करून ठेवताना मात्र काळजी घ्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार काढून ठेवा, ग्रास कटरची टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मग टांगा, आणि पडवीत भाताची पोती असतील तर मशीन तिथे नको, उंदीर भात खाऊन झाला की वायरिंगकडे वळतात.