निसेको: साडेतीन महिने राहून आल्यावर

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आम्ही दोघं, मी आणि नवरा, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, कुचान गावात राहिलो. नोकऱ्या टोकियोतल्या, पण घरून चालणाऱ्या. निशिकासाईच्या फ्लॅटला कुलूप घातलं, कुचान स्टेशनजवळ हंगामापुरती एक खोली भाड्याने घेतली आणि जवळच्या निसेको या स्कीइंगच्या ठिकाणाचा सीझन पास काढला. बर्फाचा माझा पूर्वानुभव म्हणजे मनालीजवळच्या सोलंगला भाड्याचे गमबूट घालून काढलेले फोटो. तेव्हा हे मत नवशिक्या बाईचं आहे, पण चार दिवसांच्या मुक्कामावर बेतलेलं नाही.

निसेकोला जाऊन आलेल्यांची मतं ऐकली तर सगळे एकाच जागेबद्दल बोलतायत असं वाटत नाही. एक म्हणतो, असा बर्फ जन्मात पाहिला नाही. दुसरा म्हणतो, नुसती लूट; ना डोंगर दिसला, ना जपान. मला आता दोघांचंही पटतं. फक्त आपण कुठल्या आठवड्यात आलो आणि उतरलो कुठे, हे दोघंही सांगत नाहीत.

आधी बर्फ. सायबेरियातून सुटलेला गार, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि डोंगरांना धडकला की सगळं ओझं तिथेच टाकतो. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून आंबोलीत कोसळतात, तोच प्रकार. एका हंगामात इथे 14-15 मीटर बर्फ पडतो. आणि हा सगळा ज्या निसेको-अन्नुपुरी डोंगरावर पडतो त्याची उंची किती, तर 1,308 मीटर. महाबळेश्वरहून ठेंगणा! पहिल्या दिवशी मी हौसेने मूठभर बर्फ उचलून नवऱ्याला मारायला गेले, तर गोळा वळेचना. तांदळाच्या पिठीची उकड न काढता मोदक वळायला बसावं तसं सगळं बोटांतून गळून गेलं. इतका कोरडा.

लोक जगभरातून येतात ते याच पिठासाठी. पण नवशिक्याला ते पीठ म्हणजे शिक्षा आहे, हे कुणी सांगत नाही. पडलात की उठायला हात टेकवावा, तर हात खांद्यापर्यंत आत जातो, खाली जमीनच लागत नाही. दोन्ही काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यावर भार द्यायचा, ही युक्ती मला एका सत्तरीच्या आजोबांनी खुणांनी शिकवली. एकदा पडताना डावी स्की निघाली ती गडपच. वीस मिनिटं काठीने बर्फ भोसकत खाली खाली शोधत गेले. मिळाली कुठे, तर पडले त्याच्या दोन हात वर.

जानेवारीत पुण्याहून ताई, भावोजी आणि भाचा सहा दिवसांसाठी आले. त्यातले चार दिवस वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद. उरलेल्या दोन दिवसांत आकाशही पांढरं, जमीनही पांढरी. आपण थांबलोय की घसरतोय हेही कळत नाही, अशी अवस्था. समोर योतेई आहे, 1,898 मीटरचा, होक्काइदोचा फुजी म्हणतात त्याला, हे भावोजींना मी फोनमधल्या फोटोवर दाखवलं. ते म्हणाले, "एवढे पैसे घालून आम्ही पांढरी भिंत बघायला आलो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अख्ख्या जानेवारीत योतेई पूर्ण दिसला ते दिवस मी कॅलेंडरवर खुणा करून मोजले होते. पाच.

पण अशा दिवसांवर एक उतारा मला उशिरा सापडला: रात्रीचं स्कीइंग. निसेकोतल्या ग्रँड हिराफूला मोठाले दिवे लावून संध्याकाळी उतार चालू ठेवतात. दिव्यांमुळे खड्ड्या-उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारा उतार रात्री स्वच्छ दिसतो. ताईला तिथेच पहिल्यांदा न पडता खाली येता आलं.

निसेको म्हणजे एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावरची चार ठिकाणं: हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी. एक सामायिक पास असतो, तो खिशात ठेवला की फाटक आपोआप उघडतं. दिवसाचे दहा हजार येनच्या पुढे जातात. नवशिक्यांनी हा पास पहिल्या दिवसापासून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चारही ठिकाणं जोडली जातात ती वरच्या अंगाने, आणि वर जाण्याइतकं तुम्हाला येतच नसतं. वारा सुटला तर वरची वाट बंद, मग बस. मीही एकदा दुपारी साडेतीनला डोंगराच्या चुकीच्या बाजूला अडकले आणि स्कीचे बूट घालून बसच्या रांगेत पाऊण तास उभी राहिले. एकट्या अन्नुपुरीचा पास स्वस्त पडतो, पहिले काही दिवस तोच पुरे.

हिराफूत जपान शोधू नका. चढाच्या मुख्य रस्त्याखाली तापवायची सोय आहे, त्यामुळे तिथे बर्फ ठरत नाही. दुकानांत इंग्रजी, लिफ्टच्या रांगेत ऑस्ट्रेलियन, आणि साधा करी-राइस दोन-अडीच हजार येनला. हानाझोनोला लिफ्टच्या खुर्च्या खालून गरम आणि वरून झाकण, भाचा त्यातून उतरायलाच तयार नव्हता. व्हिलेज मला फारसं भावलं नाही. माझं ठिकाण अन्नुपुरी. उतार रुंद, गर्दी कमी, पडलं तरी मागून कुणी अंगावर येत नाही. इथल्या मूळ रहिवाशांच्या ऐनू भाषेत नुपुरी म्हणजे डोंगर. आई मात्र फोनवर शेवटपर्यंत "आज अन्नपूर्णेला गेलीस का?" असंच विचारत होती.

हद्दीबाहेरच्या बर्फात जायला ठरावीक फाटकं आहेत. पहाटे हिमस्खलनाचा अंदाज घेऊन ती उघडायची की नाही ते ठरतं, आणि दोर ओलांडणाऱ्याचा पास काढून घेतात. हारु-नो-ताकी नावाची एक घळ तर कायमची बंद आहे. मी त्या वाटेला गेले नाही. नवरा दोनदा गेला, गाइड घेऊन.

तक्रार एकच, पण मोठी. एका भाड्याच्या दुकानाने गर्दीत माझे बूट न मापता एक नंबर मोठे दिले. स्कीचा बूट सैल असला की पाऊल आत पुढे सरकतं. तीन दिवसांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. बदलून मागितले तर "जाड मोजे घाला" म्हणाले. हे पूर्ण चूक आहे. मोजा एकच, पातळ. बूट घट्ट, आणि पोटरीपुढचं हाड बुटाच्या जिभेला टेकलेलं हवं. दुकानात दहा मिनिटं उभं राहून बघा, मागे रांग कितीही असू दे.

राहायला हिराफूपेक्षा कुचान बरं. 2019 च्या नोव्हेंबरपासून मुक्कामाच्या भाड्यावर टक्केवारीने कर लागतो, पण तो दोन्हीकडे. कुचान खरं तर बटाट्याचं गाव. गावाचा शुभंकर म्हणजे स्कीइंग करणारा बटाटा, जागाता-कुन. सेइकोमार्ट या दुकानात आतच शिजवलेला गरम डबा मिळतो. शाकाहाऱ्यांनी मात्र मासळीच्या अर्काची खात्री करून घ्यावी, तो मिसो सुपात असतो, भाजीतही असतो. आम्ही कुकर घेऊन गेलो होतो. कुचानचे बटाटे आणि घरचा गोडा मसाला, यावर अर्धा हंगाम निघाला.

ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं सामायिक स्नानगृह, तिथे सगळे कपडे काढून उतरायचं. त्याबद्दल एवढंच: ताई दोन दिवस दारातून परत आली, तिसऱ्या दिवशी आत गेली, आणि चौथ्या दिवशी डोंगर सोडून थेट तिकडेच.

आणि मार्च. दर उतरतात, गर्दी ओसरते, ऊन पडतं. सकाळी बर्फ कडक, दुपारनंतर जड आणि ओलसर होतो. पिठाचे शौकीन नाक मुरडतात. पण समोरचा उतार दिसतो, पाय कुठे टाकायचा ते कळतं. जानेवारीच्या अख्ख्या महिन्यात मी जेवढं शिकले त्याहून जास्त मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत शिकले. पहिल्यांदा येणाऱ्या घरच्यांना मी आता जानेवारी सुचवत नाही.

पुढच्या वर्षी ताईकडचे पुन्हा येणार आहेत, मार्चमध्ये. भावोजींनी विचारलं, "तो योतेई दिसेल ना?" मी लिहून दिलेलं नाही.