जीडीपी की भूतानचं मोजमाप?

आईने घरी थापलेली भाकरी जीडीपीत, म्हणजे देशातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या मोजणीत, धरली जात नाही. तीच भाकरी पोळीभाजी केंद्रातून विकत आणली की धरतात. राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं कल्याण ठरवू नका, असं अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं.

देशाचं कसं चाललंय हे बघायला भूतानमध्ये 'सकल राष्ट्रीय आनंद' नऊ अंगांनी मोजतात. झोप किती मिळते, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, हेसुद्धा माणसाला समोर बसवून विचारतात. मला हेच मनापासून पटतं. शिवाय किमान ६० टक्के जमीन जंगलाखाली ठेवायची, हे तिथल्या राज्यघटनेतच आहे. मी भूतानच्याच बाजूने. पण तिथली तरुण मुलं चांगल्या पगारासाठी ऑस्ट्रेलिया गाठताहेत, याचं वाईट वाटतं.