माल आमचा, कोड त्याचा, ड्युटी त्याच्या खिशात

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागात गाड्यांचे इलेक्ट्रिक पार्ट बाहेरून मागवणारे लहान व्यापारी आता बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टेम्पोचे एलईडी टेल लॅम्प, इंडिकेटरचे सेट चीनहून मागवतो. माल न्हावाशेवाला उतरतो. तो सोडवायचं काम ज्याच्याकडे होतं, त्यानं आमच्याकडून पूर्ण ड्युटी घेतली, सरकारला बरीच कमी भरली आणि कागद मात्र पूर्ण भरल्याचे आणून दिले.

आयात मालाच्या प्रत्येक प्रकाराला सरकारी दरपत्रकात, म्हणजे टॅरिफमध्ये, आकडी कोड असतो आणि त्यावरून ड्युटी ठरते; कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. माणूस बोलायला पक्का होता. कायदा तोंडपाठ असल्यासारखा बोलायचा आणि त्यातलं बरंचसं खरंही असायचं. "साहेब, गाडीचा पार्ट म्हणजे 8708 असं सगळे समजतात. पण टॅरिफच्या सतराव्या विभागाची टीप वाचा. 85व्या प्रकरणातली इलेक्ट्रिकल वस्तू गाडीचा पार्ट म्हणून 87 मध्ये जात नाही." ही टीप खरंच आहे. गाड्यांच्या दिव्यांना 85 मध्येच 8512 हे स्वतंत्र शीर्षक आहे. शिवाय या वर्गीकरणावरून मोठमोठ्या कंपन्यांची भांडणं होतात, हेही तो सांगायचा. तेही खोटं नाही. रेल्वे सिग्नलमधल्या रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2021 मध्ये न्यायालयानं तो रिले 85व्या प्रकरणातल्या 8536 मध्ये न धरता रेल्वेच्या 8608 मध्ये धरला. त्यानंतर वाहनांच्या पार्टचं काय करायचं यावर कस्टमचं काम बघणाऱ्या केंद्रीय मंडळाला जानेवारी 2022 मध्ये वेगळी सूचना काढावी लागली. एवढं ऐकल्यावर समोरच्याला वाटणारच, की याला विषय कळतो.

आमच्यासमोर तो 8512 बोलायचा. प्रत्यक्ष बिल ऑफ एंट्रीमध्ये, म्हणजे माल सोडवताना कस्टमला द्यायच्या कागदात, मात्र त्यानं 8534 टाकलं होतं. 8534 म्हणजे कोरं प्रिंटेड सर्किट, ज्यावर बेसिक ड्युटी शून्य आहे. आमच्या लॅम्पमध्ये सर्किटची पट्टी असते हे खरं, पण तिच्यावर एलईडी, रेझिस्टर, वायर सगळं सोल्डर केलेलं, वर लाल काच आणि मागे बोल्ट. छपाईच्या प्रक्रियेत तयार न झालेले भाग जोडले की ते प्रिंटेड सर्किट राहत नाही, हे 85व्या प्रकरणाच्या टिपेतच लिहिलंय. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर 'टेल लॅम्प असेंब्ली' असं स्वच्छ छापलेलं होतं. कस्टमला गेलेल्या प्रतीवर ते 'पीसीबी', म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड, झालं होतं.

यात पैसा किती खेळतो ते बघा. समजा 10 लाखांचा माल आहे आणि बेसिक ड्युटी 15 टक्के धरली. दीड लाख झाले. त्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, 15 हजार. आता 11 लाख 65 हजारांवर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे 2 लाख 9 हजार 700. तोच माल शून्याच्या कोडमध्ये दाखवला की बेसिक आणि सरचार्ज उडतात, आयजीएसटीही 1 लाख 80 हजारांवर येतो. फरक 1 लाख 94 हजार 700 रुपये. एका खेपेत एवढे त्याच्या घरात, आणि आमच्याकडे मात्र पूर्ण रकमेचा चलनाचा कागद.

हे उघडकीला आणलं आमच्या अकाऊंटच्या ताईंनी. आयात मालावर भरलेला आयजीएसटी आयसगेट या कस्टमच्या पोर्टलवरून थेट जीएसटी पोर्टलवर येतो आणि जीएसटीआर-2बी या टॅक्स क्रेडिटच्या महिन्याच्या तक्त्यात बिल ऑफ एंट्रीच्या नंबरासकट दिसतो. ताई क्रेडिट जुळवत बसल्या होत्या. नंबर तोच, तारीख तीच, पोर्ट तोच. आयजीएसटीचा आकडा मात्र कागदावर जास्त आणि पोर्टलवर कमी. त्यांनी मागच्या खेपा काढल्या. प्रत्येक खेपेत तसंच. मग त्याच्या कागदावरचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला, तर काहीच उघडेना. छापलेलं नुसतं चित्र होतं ते.

फोन केला तर म्हणाला, "सिस्टीमला अपडेट व्हायला वेळ लागतो, तुम्ही कशाला डोकं लावताय?" त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही. पुढच्या चौकशीत कळलं की त्याच्याकडे कस्टम ब्रोकरचं, म्हणजे दुसऱ्याचा माल सोडवून द्यायचं, लायसन्सच नव्हतं. दुसऱ्याच्या लायसन्सवर तो काम फिरवत होता. आयसगेटवर आमच्या नावापुढे ईमेल त्यानं स्वतःचा टाकला होता, त्यामुळे खरी प्रत आमच्यापर्यंत कधी पोचलीच नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की कायद्याच्या नजरेत आयातदार आम्हीच. कस्टम कायद्याच्या कलम 147 प्रमाणे एजंटानं केलेलं काम मालकाच्या माहितीनं आणि संमतीनंच झालं असं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. खोटी माहिती जाणूनबुजून दिली असं ठरलं तर पाच वर्षं मागे जाऊन वसुली निघते आणि ड्युटीएवढाच दंड लागू शकतो. आम्ही वकिलांच्या सल्ल्यानं स्वतःहून कस्टमला लेखी कळवलं आणि फरकाची ड्युटी 15 टक्के व्याजासह भरली. एकाच मालाची ड्युटी दोनदा. पोलिसांत तक्रार दिली, ज्याच्या लायसन्सवर काम झालं त्याच्याविरुद्ध कस्टम आयुक्तांकडे वेगळी. दोन्ही चालू आहेत.

आता आयसगेटवर आमचाच ईमेल आणि मोबाइल आहे. ड्युटी आम्ही आमच्या बँकेतून थेट भरतो, एजंटाच्या खात्यावर एक रुपयाही टाकत नाही. त्याला फक्त त्याची फी. बिल ऑफ एंट्री दाखल होण्याआधी तिचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, मागवून त्यातलं मालाचं वर्णन आणि आठ आकडी कोड इनव्हॉइसशी ताडून बघतो. नवीन सेन्सरचा माल आणायचा विचार आहे, त्याच्या कोडबद्दल दोन जाणकारांची दोन मतं पडली. म्हणून मुंबईच्या अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे, म्हणजे माल आणण्याआधीच कोडचा निर्णय देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, अर्ज करतोय. फी 10 हजार रुपये आहे, पण मिळालेला निर्णय आमच्यावर आणि कस्टमवरही बंधनकारक असतो.

हा माणूस उद्यमनगरात आणखीही दुकानांत येत-जात होता. ज्यांनी ड्युटीचे पैसे एजंटाच्या खात्यावर दिले असतील, त्यांनी आजच आपली 2बी काढून कागदावरच्या आयजीएसटीशी जुळवा. फरक निघाला तर आम्हाला भेटा. एकट्या दुकानाची तक्रार फाइलमध्ये पडून राहते. चार-पाच जणांचे कागद एकत्र गेले तर आयुक्तालयाला त्याच्या सगळ्या खेपा एकदम तपासाव्या लागतील.