जेट स्कीच्या एक्झॉस्टमागचे तीन बोल्ट आणि मी वापरलेली हत्यारं

जेट स्कीची सीट उचलली की इंजिन अगदी हाताशी आहे असं वाटतं. पण जाडजूड एक्झॉस्ट पाइपने एक बाजू पूर्ण व्यापलेली असते आणि मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर पाइपात नेणाऱ्या भागाचे) खालचे, मागचे बोल्ट नेमके त्याच्या पोटाखाली असतात. माझ्या जुन्या टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरच्या मशीनचं एक्झॉस्ट गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारी चकती) गळायला लागलं म्हणून मॅनिफोल्ड काढायला घेतला. वरचे, पुढचे बोल्ट तासाभरात निघाले. उरलेल्या तिघांना दोन रविवार लागले. हा रिव्ह्यू त्या तिघांसाठी वापरलेल्या हत्यारांचा.

बोल्ट एम८ (८ मिमी जाडीचे), ॲलन डोक्याचे, म्हणजे डोक्यात षटकोनी भोक असलेले आणि ६ मिमी की लागणारे. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या आट्यांत स्टीलचा बोल्ट बसलेला असतो. ॲल्युमिनियम गंजून जी पांढरी पूड तयार होते, तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. ती आट्यांत ठासून बसते आणि बोल्ट जखडून जातो.

युनिव्हर्सल जॉइंट (हत्याराच्या दांडीला जोडायचा, सगळीकडे वळणारा सांधा) सगळेच सुचवतात, म्हणून मीही आधी तोच घेतला. या कामासाठी घेऊ नका. हवा तेवढा कोन मिळतो खरा, पण जोर लावला की सांधा दुमडतो, बिट (भोकात बसणारा षटकोनी तुकडा) तिरका होतो आणि बोल्टचं षटकोनी भोक कडेने घासलं जातं. माझा एक बोल्ट असाच अर्धा गोल झाला. नंतर आरशात ते भोक पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला.

खरा उपयोग झाला तो वॉबल एक्स्टेन्शनचा, म्हणजे रॅचेट आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायच्या, टोकाला थोड्या डुलणाऱ्या दांडीचा. याच्या टोकाचा चौकोन कडेला किंचित गोलावलेला असतो, त्यामुळे सॉकेट साधारण १५ अंश कलतं, त्याहून जास्त नाही. तेवढं पुरतं. मी को-केनचं वॉबल-फिक्स घेतलं. सॉकेट पूर्ण आत दाबलं की ते ताठ राहतं, थोडं बाहेर ओढलं की डुलतं. बिट भोकात बसेपर्यंत डुलतं ठेवायचं आणि रेष सरळ मिळत असेल तर जोर लावण्याआधी दाबून ताठ करायचं. पाइपाखाली कोपरापर्यंत हात घातलेला असताना ही सोय फार मोलाची वाटते.

एक्स्टेन्शन ३/८ इंची (हे टोकाच्या चौकोनाचं माप) आणि एकसंध लांब असावं. तीन छोटी जोडून पाहिली, तर प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई आली आणि जोर मध्येच विरला. पाव इंची तर स्प्रिंगसारखं पिळवटतं. बोल्ट हलला की नुसती दांडी पिळली, हे हाताला कळतच नाही.

बॉल टोकाची ॲलन की मी बॉन्डसची वापरतो. २५ अंशांपर्यंत तिरकी चालते, पोलाद उत्तम आहे. मात्र ती बोल्ट सैल झाल्यावर भराभर काढायला. जखडलेला बोल्ट बॉलच्या टोकाने फोडायला जाऊ नका. बॉलमागची मान बारीक असते. ती तुटून तुकडा भोकात अडकला तर दुखणं दुप्पट.

रॅचेट (दांडा पुढे-मागे हलवून बोल्ट फिरवणारं हत्यार) बारीक दातांचंच हवं. माझं जुनं ३६ दातांचं, म्हणजे पुढचा दात पकडायला दांडा किमान १० अंश फिरायला हवा. मागच्या बोल्टला दांडा फिरवायला तेवढीही जागा नव्हती. हलवत राहिलो, टिकटिक एकदाही ऐकू आली नाही. ७२ दातांच्याला ५ अंश पुरतात आणि त्यानेच तो बोल्ट आला.

हत्याराइतकंच महत्त्व भोकाच्या सफाईला आहे. मीठ आणि काजळी टोकदार आकड्याने खरवडून काढा, बिट हलक्या हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. मग आधी किंचित आवळून बघा आणि त्यानंतर सोडा. जाळ मात्र अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती हलच्या (मशीनच्या बोटीसारख्या कवचाच्या) तळाशी साचते. बॅटरीची वायरही आधीच काढून ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय.

अर्धा गोल झालेला बोल्ट उलट्या पिळाच्या एक्स्ट्रॅक्टर बिटने निघाला. तिथे बिट आडवा शिरण्याइतकी जागा होती, हे नशीब.

सगळ्यात खालच्या बोल्टसमोर मात्र विकतचं एकही हत्यार शिरेना. डोकं आणि पाइप यांच्यामध्ये जेमतेम बोटभर फट. शेवटी साध्या ६ मिमी एल-आकाराच्या ॲलन कीचा आखूड पाय ग्राइंडरवर आणखी छोटा केला. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत होतो, कारण पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. लांब पायावर पाइपाचा तुकडा चढवला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने की भोकात दाबून धरली. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला कट्ट असा कोरडा आवाज आला आणि बोल्ट सुटला. ती कापलेली की आता वॉबल-फिक्सच्या शेजारी, त्याच कप्प्यात ठेवतो.