व्हायरसवाला मेल आला, तर 'पाठवणाऱ्याला' कळवावं का?

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यापुढे हा प्रश्न एका चौकोनाच्या रूपात येतो: व्हायरस सापडल्यास प्रेषकाला सूचना द्यायची? टिक करावीशी वाटते, कारण त्यात भलेपणा दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: टिक काढा. मात्र तिच्या जागी काय ठेवायचं, हे ठरवूनच काढा.

कळवण्याची पद्धत पडली तेव्हा ती रास्त होती. १९९९चा मेलिसा किंवा २०००चा 'आय लव्ह यू' ज्याच्या संगणकात शिरायचा, त्याच्याच खात्यातून पुढे जायचा. त्या माणसाला कळवलं की तो सावध व्हायचा. क्लेझ या व्हायरसने २००२ मध्ये हे गणितच मोडलं. लागण झालेल्या संगणकातून तो पत्ते गोळा करायचा, त्यातला एक प्रेषक म्हणून लावायचा आणि दुसऱ्याला मेल धाडायचा. २००३चा सोबिग-एफ आणि २००४चा मायडूम याच वाटेने गेले. म्हणजे नाव एकाचं, व्हायरस भलत्याच्याच संगणकात. अशा वेळी तुमची सूचना पोचते ती निर्दोष माणसाकडे, आणि खऱ्या रोग्याला काहीच कळत नाही.

ही सूचना मिळणाऱ्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा. कधी न पाठवलेल्या मेलबद्दल अनोळखी सर्व्हर बजावतो: 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे.' तो घाबरून संगणक तपासतो, काही सापडत नाही, तरी पासवर्ड बदलतो. दुपारपर्यंत तशाच आणखी वीस सूचना येतात. काही सर्व्हर तर मूळ जोडफाइलसकट मेल परत करायचे, म्हणजे व्हायरस पसरवण्याचं काम आपणच करायचं! या उलट्या माऱ्याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यापायी तुमचा सर्व्हर काळ्या यादीतही जाऊ शकतो.

त्यापेक्षा मेल दारातच नाकारणं कितीतरी चांगलं. समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच मेल तपासायचा आणि 'स्वीकारला' असं २५० उत्तर देण्याऐवजी 'नाकारला' असं ५५४ द्यायचं. हा नकार त्या क्षणी खरोखर जोडलेल्या यंत्रालाच मिळतो. तिथे व्हायरसचं स्वतःचं मेल धाडणारं इंजिन असेल, तर विषय तिथेच संपतो. खरा सर्व्हर असेल, तर मेल गेला नाही हे आपल्या माणसाला तोच सांगतो. तो सर्व्हर स्वतःच फसला असेल, तर त्याचा बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' असा परतीचा मेल, खोट्या पत्त्यावर जाईल. पण निदान तो तुम्ही पाठवलेला नसेल. इथे चूक होते ती राखीव एमएक्सपाशी, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या पर्यायी सर्व्हरपाशी. तो न तपासता सगळं घेतो, मुख्य सर्व्हर नाकारतो, आणि राखीव बिचारा खोट्या पत्त्यावर बाउन्स लिहीत बसतो. तिथेही तीच तपासणी लावा.

गुपचूप फेकून देणं सोपं, पण स्कॅनर चुकतो. मॅक्रो (फाइलमधला छोटा प्रोग्रॅम) असलेली खरी फाइल गेली तर एक जण उत्तराची वाट पाहतो आणि दुसऱ्याला मेल आल्याचंच ठाऊक नसतं. दारात नाकारणं जमत नसेल, तर मेल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळा अडवून, ठेवा आणि कळवायचं ते आपल्याकडच्या प्राप्तकर्त्याला कळवा.

आता प्रेषकाचं डोमेन (पत्त्यातला @नंतरचा भाग) खरं आहे का हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पद्धती आहेत, मग तपासणी पास झाली तर कळवायला काय हरकत, असं कुणी विचारेल. डीमार्क पास म्हणजे डोमेन खरं; खातं कुणाच्या हातात आहे, हे त्यातून कळत नाही. खातं चोरीला गेलं असेल, तर तुमची सूचना चोरच वाचेल आणि पुसून टाकेल. ओळखीचा माणूस असेल तर फोन करा. आपल्याच सर्व्हरवर लॉगिन करून कुणी असा मेल पाठवू पाहत असेल, तर मात्र तिथल्या तिथे अडवा आणि त्या माणसाला नक्की सांगा.

तरीही बाहेरच्या खऱ्या रोग्यापर्यंत पोचायचंच असेल, तर 'फ्रॉम'कडे, म्हणजे प्रेषकाच्या नावाकडे, बघू नका. मेल कुठून आला याची नोंद करणारी, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरने मेलच्या हेडरमध्ये लिहिलेली 'रिसीव्ह्ड' ओळ उघडा, त्यातला आयपी पत्ता घ्या, हू-इज या आयपी पत्त्यांच्या मालकांच्या नोंदवहीत त्याच्या नेटवर्कचा तक्रारीचा पत्ता शोधा आणि वेळेसकट ती ओळ तिकडे पाठवा. खालच्या 'रिसीव्ह्ड' ओळींवर भिस्त ठेवू नका, त्याही बनावट असू शकतात.