टूडी इको : लातूरच्या एका केंद्रातील अनुभव

लहानपणी मला सांधे सुजून ताप येत असे. असा ताप पुढे हृदयाच्या झडपेला इजा करू शकतो, म्हणून औशाच्या डॉक्टरांनी छातीत वेगळा आवाज ऐकू येताच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला सांगितले आणि मी लातूरच्या एका खासगी केंद्रात गेलो. शुल्क १,८०० रुपये. उपाशी राहावे लागत नाही, सुई टोचत नाहीत, आणि तपासणी ध्वनिलहरींवर होत असल्याने क्ष-किरणांचा संबंधच येत नाही.

पूर्वी दुसऱ्या एका शहरात हीच तपासणी झाली, तेव्हा पडदा भिंतीकडे होता आणि मी वीस मिनिटे डॉक्टरांचा चेहरा वाचत पडून राहिलो होतो. येथे डाव्या कुशीवर निजवून, गार जेल लावून छातीवर प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण, टेकवल्यावर डॉक्टरांनी "बघायचंय का काका?" असे विचारले आणि पडदा माझ्याकडे वळवला. अठ्ठावन्न वर्षे न थांबलेले माझे हृदय मी पहिल्यांदा पाहिले. ते पडद्यावर उलटे, टोक वर करून दिसते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप दुपाखी दारासारखी उघडत होती; मात्र एक पाखे किंचित जाड झालेले होते आणि दार मिटल्यावरही निळी बारीक रेघ मागे निसटत होती. लाल-निळा रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नसून प्रवाहाच्या दिशेचा असतो, प्रोबकडे येणारा लाल आणि दूर जाणारा निळा, हे त्यांनी समजावून सांगितले. नंतर रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या डॉप्लरचा आवाज सुरू केला, तेव्हा मोटेचे पाणी थारोळ्यात पडावे तसा माझ्याच रक्ताचा आवाज खोलीत घुमला आणि माझे डोळे भरून आले.

गळती सौम्य निघाली. हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता, म्हणजे ईएफ, ६० टक्के भरली. ५५ च्या पुढे ती चांगली समजतात.

उणिवाही सांगायला हव्यात. दहाची वेळ देऊन दीड वाजता आत घेतले. पडद्याआड कपडे बदलण्याची सोय इतकी अपुरी आहे की बायकांना संकोच वाटल्याशिवाय राहणार नाही. अहवाल केवळ इंग्रजीत आहे; त्याखाली मराठीत चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर घरी सर्वांना वाचता आल्या असत्या.

पुढची तपासणी वर्षाने आहे. ती मी याच ठिकाणी करणार असून पत्नीलाही आत बसू देण्याची विनंती करणार आहे.