‘स्कॅन अँड शेअर’: केसपेपरची रांग घटते, डॉक्टरांची नाही

सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत ऑक्टोबर २०२२ पासून आलेली ही सोय चांगली आहे, पण तिची मर्यादा आधी कळायला हवी. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) ॲप उघडायचं, नोंदणी खिडकीजवळचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, माहिती पाठवायला संमती द्यायची. नाव, वय, लिंग, पत्ता थेट रुग्णालयाच्या संगणकात जातो आणि मोबाइलवर टोकन येतं. खिडकीवर ते दाखवलं की केसपेपर. तिथला खरा वेळ नाव-पत्ता विचारून टाइप करण्यात जातो, तोच वाचतो.

हे टोकन मात्र फक्त नोंदणीचं. तपासणीचा नंबर विभागाबाहेर वेगळा लागतो, आणि दोन्ही एकच समजून बसलेल्या पेशंटची पाळी निघून जाते. खिडकीवर हे ठळक मराठीत लिहिलेलं हवंच.

१४ अंकी आभा क्रमांक घरूनच काढून ठेवा. आधारवरून काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद असेल तर ओटीपी मिळत नाही. एकाच मोबाइलवर घरातल्या अनेकांची खाती असतील, तर स्कॅनआधी प्रोफाइल तपासा, नाहीतर आईच्या जागी मुलाचा केसपेपर निघतो. जुन्या पेशंटनी आधीचा नोंदणी क्रमांक आवर्जून सांगावा. आधारवर नाव वेगळं असलं की नवीन नोंद तयार होते आणि जुने रिपोर्ट दुसरीकडेच राहतात.

स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी साधी खिडकी चालू राहिलीच पाहिजे.